कुलमुखत्यारपत्र असताना मृत्युपत्राची गरज आहे का?

प्रश्न
आई ७८ वर्षांची आहे, वडील हयात नाहीत आणि राहता फ्लॅट आईच्या एकटीच्या नावावर, स्वकष्टार्जित आहे. तीन वर्षांपूर्वी तिने मला कुलमुखत्यारपत्र करून दिले, तेव्हापासून बँकेची व सोसायटीची कामे मीच पाहते. फ्लॅट मला मिळावा असे ती अनेकदा बोलून दाखवते, पण कागदावर काहीही नाही. मुखत्यारपत्र असताना मृत्युपत्राचा खटाटोप कशाला, असे भावाचे म्हणणे आहे. अलीकडे आईला विस्मरण होते. गॅस बंद केला का, हे ती तीन-तीनदा विचारते, परंतु कर्जाचा शेवटचा हप्ता कधी भरला ते तारखेसह सांगते. आता केलेले मृत्युपत्र टिकेल का, की मुखत्यार म्हणून मीच काही करून ठेवावे?

पहिला प्रतिसाद
भावाचे म्हणणे चुकीचे आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मरण पावली किंवा तिचे मन विकल झाले की मुखत्याराचा अधिकार संपतो, म्हणजे ज्या दिवसासाठी आपण तो कागद जपून ठेवतो त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. आईच्या वतीने मृत्युपत्र तुम्हाला करता येत नाही आणि मुखत्यारपत्राच्या बळावर फ्लॅट स्वतःच्या नावावर करून घेण्याचा विचारही करू नये, कारण असा व्यवहार न्यायालयात सहज आव्हानास पात्र ठरतो. मृत्युपत्र न होता आई गेली, तर (तुम्हाला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे असे धरून) तुम्ही व भाऊ समान हिस्सेदार व्हाल.
विस्मरणाचे म्हणाल, तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ५९ मध्ये एरवी मन ठिकाणावर नसलेल्या व्यक्तीलाही ती भानावर असताना मृत्युपत्र करता येते, असे स्पष्टीकरण आहे. आपली मालमत्ता कोणती, वारस कोण आणि आपण काय देत आहोत हे आईला त्या दिवशी कळत असले पाहिजे. गॅसचा विसर त्याच्या आड येत नाही. तरीही त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्या आणि उशीर करू नका.

दुसरा प्रतिसाद
वडील गेल्यानंतर आठव्या दिवशी मी मुखत्यार म्हणून धनादेशावर सही केली आणि बँकेने तो परत केला. त्या वेळी राग आला, पण चूक माझीच होती. मृत्युपत्राची अडचण वेगळीच निघाली. दोन्ही साक्षीदार वडिलांचे समवयस्क मित्र होते आणि दोघेही त्यांच्याआधी गेले. भावंडांनी हरकत घेतल्यावर त्यांच्यापैकी एकाच्या मुलाला न्यायालयात येऊन आपल्या वडिलांची सही ओळखावी लागली. म्हणून साक्षीदार वयाने लहान, सहज सापडणारे आणि फ्लॅटशी संबंध नसलेले घ्या.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. मृत्युपत्र नोंदणीकृत केले तर साक्षीदारांची एवढी चिंता उरते का? आणि वकिलांचे शुल्क परवडले नाही, तर मदत कोठे मिळेल?

पहिला प्रतिसाद देणारे
मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. ती अवश्य करावी, पण तिने साक्षीदारांची गरज टळत नाही. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात आणि वाद न्यायालयात गेला तर त्यांतील हयात असलेल्या किमान एकाला बोलावावे लागते. आई नोंदणी कार्यालयात जाण्यास असमर्थ असेल, तर दुय्यम निबंधकांना घरी येण्याची विनंती करता येते. मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ ने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवेचा हक्क आहे, म्हणून अर्ज आईच्या नावाने करा.
एक गोष्ट मात्र जिव्हाळ्याने सांगतो. मुखत्यार तुम्ही, सोबत राहणाऱ्या तुम्ही आणि लाभही तुम्हालाच, ही सांगड न्यायालयाला संशयास्पद वाटू शकते, आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर म्हणजे तुमच्यावरच येते. वकील आईलाच निवडू द्या, भावाला फ्लॅट का देत नाही याचे कारण तिच्याच शब्दांत मसुद्यात येऊ द्या, आणि तो तिला वाचून दाखवून सही घेतली जाईल तेव्हा तुम्ही त्या खोलीत नसावे.