वापरण्याजोग्या घरगुती वस्तूंची दान केंद्रं वाढवायची आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पालिकेच्या जागेत चालणाऱ्या एका दान केंद्रात मी स्वयंसेवक म्हणून काम करते. भांडी, खुर्च्या, पंखे, पडदे, खेळणी, पुस्तकं असं घरातलं वापरण्याजोगं सामान लोक आणून देतात आणि ज्यांना गरज आहे ते घेऊन जातात. आता शहराच्या इतर भागांतही अशी केंद्रं काढायला पालिका तयार आहे. आराखडा आमच्या गटाने द्यायचा आहे. मनापासून आनंद झालाय, पण आराखडा लिहायला बसलं की गाडी एकाच ठिकाणी अडते.

सामान गोळा करणं सोपं आहे. दार उघडलं की ते येतंच. खरं काम त्यानंतर सुरू होतं: प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघायची, चालते का ते तपासायचं, पुसायची, जोडायची आणि ज्याला हवी त्याच्यापर्यंत पोचवायची. दारं वाढली आणि हे करणारे हात तेवढेच राहिले, तर केंद्रांची गोदामं होतील आणि शेवटी सगळं कचरा डेपोतच जाईल.

परवाचंच सांगते. एक मिक्सर आला. मोटर ठणठणीत, भांडी चकचकीत, फक्त एका भांड्याखालचं कपलर झिजलेलं. पान्हा धरता येणारा माणूस त्या दिवशी हजर होता म्हणून तो वाचला, नाहीतर सरळ भंगारात गेला असता. त्याच दिवशी सुटं केलेलं एक कपाट आलं. फळ्या, दारं, पाठ, सगळं होतं, पण स्क्रू आणि बिजागऱ्या देणाऱ्यांच्या घरीच राहिल्या होत्या. आता आम्ही आधीच सांगतो की स्क्रू पिशवीत घालून दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने चिकटवा. पार्टिकल बोर्डचं फर्निचर तर शक्यतो सुटं करूच नका म्हणतो, कारण एकदा काढलेला स्क्रू त्यात पुन्हा नीट धरत नाही. पाणी लागून फुगलेलं असेल तर आम्ही ते घेतच नाही.

गाद्यांवरून आमच्यात दोन तट आहेत. नव्याने संसार मांडणाऱ्यांना गादी सगळ्यात आधी लागते, हे खरं. पण ढेकूण शिवणीत दडून बसतात आणि काही न खाता कित्येक महिने जगतात, त्यामुळे गादी आठवडाभर वेगळी ठेवून काही साधत नाही. गादीच्या आतपर्यंत पन्नासेक अंश उष्णता पोचवायची सोय आमच्याकडे नाही. मी गाद्या न घेण्याच्या बाजूची आहे, पण मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणताना जीव तुटतो.

तर प्रश्न असा: प्रत्येक भागात स्वतंत्र, पूर्ण केंद्र असावं, की निवड आणि दुरुस्ती एकाच जागी ठेवून बाकी ठिकाणी फक्त स्वीकारायची सोय करावी? आणि देणाऱ्याला न दुखावता नकार कसा देता? लोक प्रेमाने आणतात हो. तुटकी खुर्ची परत न्यायला सांगितली की चेहरा पडतो.

प्रतिसाद

ताई, अशा कामात बरीच वर्षं आहे म्हणून स्पष्ट सांगतो. निवड एकाच जागी ठेवा. स्वीडनमधल्या एस्किल्स्टुना शहरात 2015 साली रेटुना नावाचा मॉल सुरू झाला, तिथे सगळा माल जुना किंवा दुरुस्त केलेलाच असतो. तो पालिकेच्या पुनर्वापर केंद्राला लागूनच आहे. लोक सामान आणतात, तिथले कर्मचारी पहिली निवड करतात आणि मगच ते दुकानांकडे जातं. दुरुस्ती, रंगरंगोटी दुकानदार करतात. माणसं आधी आणि दार नंतर, हे त्यात शिकण्यासारखं आहे.

बाकीच्या भागांत ठराविक वारी, ठराविक वेळी स्वीकारा आणि समोर माणूस हवाच. माणूस नसलेली पेटी किंवा पिंजरा चुकूनही ठेवू नका. एक फाटकी उशी बाहेर दिसली की दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती ढीग लागतो, आणि पावसात भिजला की त्यातलं चांगलंही जातं.

नकाराचं म्हणाल तर तो दारात देऊच नका, घरीच पोचू द्या. काय घेत नाही याची यादी फोटोंसकट आधी फिरवा, आणि मोठी वस्तू असेल तर आणण्याआधी फोटो मागवा. त्याच जोडीला 'सध्या हवं आहे' असा फळाही लावा. प्रेशर कुकर, पंखा, अभ्यासाचं टेबल असं नेमकं लिहिलं की लोक तेच शोधून आणतात. पालिकेला आकडे देताना किती वस्तू आल्या यापेक्षा किती बाहेर गेल्या ते आधी द्या, नाहीतर भरलेलं गोदाम हेच यश ठरतं. गाद्यांबाबत मी तुमच्या बाजूने आहे.

मूळ लेखिका

दादा, खूप आभार. फोटो आधी मागवायची कल्पना गटाला लगेच कळवते. फळ्याचं मात्र आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

एक अजून विचारते, इतरांनीही सांगा. विजेच्या वस्तू देण्याआधी आम्ही वायर आणि प्लग बघतो, थोडा वेळ चालवून बघतो. पण इस्त्री, गीझर यांच्या बाहेरच्या भागात करंट उतरतो का, हे नुसतं चालवून कळत नाही. त्यासाठी परवानाधारक वायरमनला ठराविक दिवशी बोलावणं कुणाला जमलंय का? मानधन पालिकेकडून घेतलंत की देणगीतून? आराखड्यात हा खर्च पहिल्यापासून धरावा असं मला वाटतं.