मदत हवी आहे: माँटे कार्लोमध्ये तारखांचा पल्ला एवढा अरुंद कसा?

नमस्कार मंडळी,

प्रोजेक्ट किती लांबू शकतो हे काढायला एक्सेलमध्ये माँटे कार्लो सिम्युलेशन (रँडम आकडे टाकून तोच हिशेब हजारो वेळा करणं) करतेय. आधी साधं मॉडेल घेतलं: एकामागोमाग ४० कामं, प्रत्येकाला कमीत कमी ८, बहुधा १० आणि फार तर १५ दिवस, या तीन आकड्यांवरून ट्रँग्युलर (त्रिकोणी) डिस्ट्रिब्यूशन. प्रत्येक कामासमोर वेगळं रँड (एक्सेलचं रँडम आकडा देणारं फंक्शन), १०,००० फेऱ्या.

सरासरी ४४० दिवस आली. गँट चार्टवरच्या (पट्ट्यांच्या वेळापत्रकातल्या) ४०० दिवसांत काम एकाही फेरीत संपलं नाही. हे पटलं, कारण लवकर उरकलं तर २ दिवस वाचतात, लांबलं तर ५ जातात. पण पी१० (१०% फेऱ्या ज्याच्या आत संपतात तो आकडा) ४२८ आणि पी९० ४५२? एवढ्या मोठ्या कामात फक्त २४ दिवसांचा फरक मी कधी पाहिलेला नाही. हा आकडा वर पाठवला की तीच तारीख कबूल केली जाईल आणि निस्तरावं लागेल टीमला. कुठे चुकतंय?

प्रतिसाद

सूत्रं बरोबर आहेत, घोटाळा त्या वेगळ्या रँडमध्ये आहे. ४० स्वतंत्र फासे टाकले की एक काम लांबतं तेव्हा दुसरं लवकर संपतं आणि सगळं सरासरीजवळ गोळा होतं. खरं तर कामं एकत्रच लांबतात: माणसं तीच, मंजुरी देणारा तोच. कामांमध्ये ०.३ कोरिलेशन (एकत्र लांबण्याचं प्रमाण; ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) धरा, सरासरी ४४०च राहील, पण पी८० ४४८ वरून ४६८ च्या आसपास जाईल.

खरी कामं समांतर असतील तर आणखी एक खाच आहे. तीन स्वतंत्र शाखा एका टप्प्यावर मिळतात आणि प्रत्येक वेळेत येण्याची शक्यता ८०% आहे, तर तिन्ही वेळेत येण्याची जेमतेम ५१% उरते. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रांसाठी आलेलं पर्ट (शेड्यूलचा अंदाज काढायचं तंत्र) इथेच कमी पडतं, ते एकाच सर्वांत लांब मार्गाची बेरीज करतं. आणि शेड्यूलमध्ये ‘याच तारखेला संपलं पाहिजे’ अशी बंधनं घातली असतील तर सिम्युलेशनआधी काढा, नाहीतर उशीर दिसणारच नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार! माझ्या खऱ्या शेड्यूलमध्ये डिझाइन, खरेदी आणि सॉफ्टवेअर इंटिग्रेशन टेस्टिंगपाशी एकत्र येतात, म्हणजे दोन्ही गोष्टी लागू. पण जुना डेटा नसताना ०.३ आणू कुठून?

प्रतिसाद

आकडा शोधूच नका, कारण मांडा. उदाहरणार्थ ‘डिझाइनला मंजुरी रखडणे’: शक्यता ४०%, घडलं तर त्यावर अवलंबून असलेली सगळी कामं १.१ ते १.३ पट. दर फेरीत हा गुणक एकदाच काढा आणि त्या सगळ्या कामांना तोच लावा. कोरिलेशन आपोआप येतं. शक्यता आणि पट टीममधल्या लोकांना एकेकटं गाठून विचारा, बैठकीत सगळे पहिल्या बोलणाऱ्याचाच आकडा धरतात.