मिटिंगच्या दारापर्यंत दोनदा गेलो, आत पाऊल पडलं नाही

दारातूनच_परत
वय ४३. दारू १९ वर्षं, त्यातली शेवटची सहा रोजची. काल सकाळपासून थेंब घेतलेला नाही. हात इतके थरथरतायत की हे तिसऱ्यांदा टाइप करतोय.

एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट. त्यांच्या वेबसाइटवर जवळची मिटिंग सापडली. पहिल्या खेपेला समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. मिटिंग सुटली तर एक माणूस खो खो हसत बाहेर आला. दारू सोडायच्या मिटिंगमधून माणूस हसत बाहेर येतो, हे काही पचेना. परत फिरलो. दुसऱ्यांदा जिन्यापर्यंत पोचलो, मग उगाच फोन कानाला लावून ‘हो हो, आलोच’ म्हणत उतरलो. पलीकडे कोणीही नव्हतं.

यादीत ‘क्लोज्ड’ लिहिलंय. म्हणजे जुन्याच लोकांसाठी का? उभं राहून ‘मी मद्यपी’ म्हणावंच लागतं? आणि ओळखीचं कोणी निघालं तर? देवाचंही बरंच असतं म्हणे, माझं त्याच्याशी फारसं जमत नाही.

उशिरा_शहाणा
मिटिंगचं नंतर बघू. आधी हात. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर, साधारण चौथ्या दिवसापर्यंत, नाही ते दिसायला लागणं, ताप, भ्रम असंही होऊ शकतं, आणि ते जिवावर बेततं. आजच्या आज डॉक्टरकडे जा, किती पीत होता ते खरं सांगा (आपण निम्मंच सांगतो, मीही सांगितलं होतं). घाम, उलट्या, गोंधळल्यासारखं वाटलं तर थेट इमर्जन्सीत. आज एकटे राहू नका.

आता मिटिंग. क्लोज्ड म्हणजे ज्याला स्वतःला दारूचा त्रास आहे त्याच्यासाठी. ओपनला घरचे, मित्र, कोणीही येऊ शकतं. सदस्य व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही. डबा फिरतो त्यात ज्याला जमेल तो टाकतो, नवीन माणसाकडून कोणी अपेक्षा करत नाही. बोलायची पाळी आली तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा, पुढचा माणूस सुरू होतो.

ओळखीचं म्हणाल, तर मी ज्या शेजाऱ्याला तोंड दाखवायला नको म्हणून वर्षभर मागच्या जिन्याने ये-जा केली, तोच पहिल्या दिवशी तिथे खुर्च्या लावत होता. कोण कोणाला बघून जास्त दचकलं, देव जाणे.

आपण तिथे लोकांना ओझं होऊ असं मला वाटायचं. पण हे सगळं सुरू झालं तेच उलट्या बाजूने. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा माणूस, जेमतेम पाच महिने दारूशिवाय, धंद्याचं काम फसलेलं, हॉटेलच्या लॉबीत उभा. बारमधून आवाज येतायत. आत जाण्याऐवजी त्याने फोन फिरवले, बोलायला दुसरा कोणी पिणारा सापडतो का म्हणून. त्यातून भेटले डॉ. बॉब स्मिथ, तेही पिणारेच. डॉक्टर पंधरा मिनिटं देणार होते, बसले कित्येक तास. बिल तिथे गेला होता तो स्वतःच्या हातून ग्लास लांब राहावा म्हणून. जुन्या लोकांना नवा माणूस लागतो हो. तुम्ही जिन्यावरून परत गेलात, त्यात वरच्यांचंही नुकसान झालं.

तीन_किल्ल्या
भाऊ, मी पिणाऱ्याच्या घरची. आमच्याकडे दाराच्या तीन किल्ल्या असायच्या आणि तिन्ही मी लपवायचे. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे, १९५१ पासून. तुम्ही मिटिंगला गेलात-न-गेलात तरी तुमच्या घरचे तिथे जाऊ शकतात, हे त्यांना सांगा. माझे यजमान अजून पितात. मी किल्ल्या लपवणं सोडलं.

नेमस्त_नास्तिक
देवाबद्दल: एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारू सोडण्याच्या त्यांच्या बारा टप्प्यांमध्ये, तो आहे, पण ‘आपल्याला जसा उमगला तसा’. मला तेवढंही झेपलं नाही. स्मार्ट रिकव्हरी म्हणून गट आहेत, १९९४ पासूनचे, तिथे देव नाही, विचार-सवयींवर काम असतं. ऑनलाइनही चालतात. तरी प्रामाणिकपणे सांगतो, कोक्रेन (उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) हिच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले होते. दारूपासून पूर्ण लांब राहण्यात एए आणि त्या वळणाचे उपचार इतरांच्या बरोबरीचे किंवा सरसच निघाले. वाचून जरा चिडलोच होतो.

उशिरा_शहाणा
ऑनलाइन चांगलंच, पण कॅमेरा चालू ठेवा. मी बंद कॅमेऱ्यामागे भरलेला ग्लास घेऊन अख्खी मिटिंग ऐकलीय. मान डोलावत.

दारातूनच_परत
अकरा दिवसांनी लिहितोय. डॉक्टरांनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं, गोळ्या देऊन हळूहळू कमी केल्या. खरा आकडा सांगितला. त्यांनी नुसतं लिहून घेतलं, भुवईसुद्धा उचलली नाही.

काल गेलो. दाराजवळच्या खुर्चीत बसलो, चपला पायातच, पळायची तयारी ठेवून. ‘ऐकतो’ म्हणालो. हसणारा तो माणूस दोन खुर्च्या सोडून बसला होता. निघताना विचारलं, त्या दिवशी एवढं काय हसत होतात? म्हणाला, आठवत नाही, बहुतेक माझ्यावरच असेल.

गुरुवारी दहा मिनिटं लवकर या म्हणाला. खुर्च्या लावायला माणूस कमी आहे.