सीमुर्ग, बाज, तूती, परवाना: फारसी सूफी काव्यातले अर्थ

प्रश्न: सूफी कवी अत्तारच्या 'मंतिक-उत्-तैर' या फारसी काव्यातला 'सीमुर्ग' म्हणजे नेमकं काय? मुर्ग म्हणजे कोंबडा ना? शिवाय, कोणता पक्षी कशाचं प्रतीक याची यादी कुठे मिळेल का?

उत्तर: कोंबडा हा आपल्या हॉटेलांतल्या मेन्यूकार्डातला अर्थ. जुन्या फारसीत मुर्ग म्हणजे कुठलाही पक्षी. सीमुर्ग हा फिरदौसीच्या शाहनामा या महाकाव्यातला अजस्र पक्षी, त्यातला वीर रुस्तुम याच्या बापाला, झालला, लहानाचा मोठा करणारा. निशापूरच्या अत्तारने १२व्या शतकात त्यावर श्लेष साधला: सी म्हणजे तीस. हुदहुद या तुरेवाल्या पक्ष्याच्या मागोमाग सात दऱ्या ओलांडत हजारो पक्षी राजाच्या शोधात निघतात, पोचतात तीसच. आणि पाहतात तर सीमुर्ग म्हणजे ते स्वतःच!

यादी मिळेल, पण फसवेल. बाज, म्हणजे ससाणा, घ्या. अत्तारकडे तो निघायलाच तयार नसतो: मी राजाच्या मनगटावर बसणारा, मला आणखी कुठला राजा हवा? सूफी कवी रूमीच्या मसनवी या दीर्घकाव्यात, दुसऱ्या दफ्तरात, म्हणजे भागात (शब्द आपल्या शाळेच्या दप्तराचाच), तोच बाज वाट चुकून पडक्या वास्तूत घुबडांच्या तावडीत सापडतो. हा आपली घरं बळकावणार म्हणून घुबडं त्याला टोचून काढतात. तो म्हणतो, मला इथे राहायचंच नाही, मी राजाकडे परत चाललोय. इथे बाज म्हणजे मूळ ठिकाणाची ओढ लागलेला जीव.

प्रश्न: आणि 'तूती', म्हणजे पोपट?

उत्तर: त्याचंही तेच. अत्तारचा पोपट खिज्रसारखा (अमृतजल पिऊन अमर झालेला, हिरव्या वस्त्रातला संत) हिरवा, त्याला अमृतजल हवं, म्हणजे मरायचंच नाही. रूमीच्या पहिल्या दफ्तरातला व्यापारी हिंदुस्थानात निघतो, तेव्हा पिंजऱ्यातला पोपट तिकडच्या पोपटांना निरोप धाडतो. निरोप ऐकून तिकडचा एक थरथरत कोसळतो. व्यापारी परतून ही हकीकत सांगतो, तर घरचाही निपचित पडतो. मेला समजून बाहेर टाकताच तो भुर्रकन उडतो. एकाला मरण टाळायचंय, दुसरा मेल्याचं सोंग करून सुटतो. शब्दकोशात दोघे एकाच नोंदीखाली.

प्रश्न: 'शमा-परवाना'मधला परवाना तोच का, जो दुकानाला लागतो?

उत्तर: शब्द तोच. फारसीत त्याचे दोन्ही अर्थ आहेत: दिव्यावर (शमा म्हणजे दिवा) झेपावणारा पतंग आणि लेखी परवानगी. फारसी आपल्याकडे मुख्यतः दरबारी कारभारातून आली, त्यामुळे कागदाचा अर्थ रुजला. जळून मरायला मराठीत पतंग होताच.