लिनक्समध्ये लॉगिनच्या नोंदी दाखवणाऱ्या लास्ट कमांडच्या यादीतून ठरावीक तारखांचेच लॉगिन कसे काढायचे?

शेलकरी:
रॉकी लिनक्स ९ चा सर्व्हर आहे. १ ते ७ मार्च २०२५ या काळात कोण कोण लॉगिन झालं आणि किती वेळ होतं, याची यादी ऑडिटसाठी द्यायची आहे.

लास्ट | ग्रेप "मार १"

असं ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) गाळल्यावर १ तारखेची एकही ओळ आली नाही, उलट १० ते १९ मार्चच्या आल्या. काही ओळी तर २०२४ च्या वाटतात, कारण त्यातला एक युजर डिसेंबरमध्येच काढून टाकलाय. शिवाय सर्व्हर यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) आहे आणि ऑडिटरला भारतीय वेळ हवी आहे.

लॉगवाचक:
तारखेसाठी ग्रेप नकोच. एक आकडी तारखेआधी लास्ट दोन स्पेस सोडतं. तुमच्या पॅटर्नमध्ये एकच आहे, म्हणून १ तारीख निसटते आणि १० ते १९ सापडतात. नेहमीच्या आउटपुटमध्ये वर्षही नसतं. हे द्या:

टीझेड=एशिया/कोलकाता लास्ट --सिन्स २०२५-०३-०१ --अनटिल २०२५-०३-०८ --फुलटाइम्स

अनटिलला ७ नाही, ८ द्यायचं. नुसती तारीख दिली की ती त्या दिवसाची मध्यरात्र धरली जाते, म्हणजे ७ लिहिलंत तर ७ मार्चचा अख्खा दिवस गळतो. टीझेड म्हणजे टाइमझोन; त्यामुळे आउटपुट भारतीय वेळेत येतंच, पण सिन्स-अनटिलच्या तारखाही त्याच वेळेनुसार धरल्या जातात. ते नसेल तर १ मार्चचे पहाटे साडेपाचपर्यंतचे लॉगिन यादीबाहेर राहतील.

सेंटओएस ६ सारख्या जुन्या सिस्टिमवर सिन्स हा पर्यायच नाही. तिथे यूटीएमपीडम्प कमांडने डब्ल्यूटीएमपी (लास्ट जिथून नोंदी वाचतं ती फाइल) मजकुरात काढून ऑक या कमांडने गाळणं बरं.

रूटखातं:
यादी देण्याआधी लास्टची अगदी शेवटची ओळ बघा. 'डब्ल्यूटीएमपी बिगिन्स' पुढची तारीख १ मार्चनंतरची असेल, तर यादी अपुरी आहे. मग एलएस -एल /व्हार/लॉग/डब्ल्यूटीएमपी* करून जुनी फाइल शोधा. रॉकीवर तिच्या नावाला तारीख जोडलेली असते. ती --फाइलने द्यायची, बाकी कमांड तीच.

जुनी लॉग फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करणाऱ्या लॉगरोटेटचा मूळ नियम महिन्यातून एकदा असला, तरी सोबत मिनसाइझ (किमान आकार) १ एमबी आहे. एक नोंद ३८४ बाइटची, म्हणजे सुमारे २७०० नोंदी झाल्याशिवाय फाइल फिरतच नाही. कमी वर्दळीच्या सर्व्हरवर २०२४ च्या ओळी दिसतात त्या यामुळेच. वर्दळ जास्त असेल तर उलटं: रोटेट १ असल्याने एकच जुनी फाइल राहते. ऑडिट दरवर्षी होणार असेल तर हा आकडा आजच १३ करा.

लॉगवाचक:
अजून एक महत्त्वाचं. एससीपी, एसएफटीपी (फाइल पाठवण्याच्या कमांड) किंवा टर्मिनल न घेता एसएसएचने चालवलेली कमांड यांची नोंद डब्ल्यूटीएमपीत होत नाही. सुडोचीही (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणं) नाही. 'सर्व्हरवर कोण आलं' याचं पूर्ण उत्तर हवं असेल तर:

टीझेड=एशिया/कोलकाता जर्नलसीटीएल -यू एसएसएचडी --सिन्स २०२५-०३-०१ --अनटिल २०२५-०३-०८ | ग्रेप ॲक्सेप्टेड

यात (सिस्टिमच्या जर्नल या लॉगमध्ये) आयपी आणि पासवर्ड की पब्लिक की, तेही मिळतं. मात्र /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी नसेल तर जर्नल रीबूटला पुसलं जातं. मग /व्हार/लॉग/सिक्युअर बघा. तिथे वेळ सर्व्हरचीच असेल, टीझेडचा उपयोग नाही. फसलेले प्रयत्न लास्टबी या कमांडने बघा, रूट (मुख्य ॲडमिन) होऊन.

शेलकरी:
यादी आली. पण एका युजरपुढे 'गॉन - नो लॉगआउट' आहे. तो ७ ला रात्री आला आणि ८ ला सकाळी व्यवस्थित बाहेर पडला होता.

रूटखातं:
अनटिलनंतरच्या नोंदी लास्ट विचारातच घेत नाही, त्यामुळे ८ तारखेचं लॉगआउट त्याला दिसत नाही. असंच 'स्टिल लॉग्ड इन'ही खोटं येऊ शकतं. कालावधी हवा असेल तर अनटिल काढा, फक्त सिन्स ठेवा आणि ८ पासून सुरू झालेल्या ओळी हाताने वगळा.

सिन्सच्या बाजूलाही हीच अडचण आहे. २८ फेब्रुवारीला आत आलेला आणि १ मार्चलाही आतच असलेला युजर यादीत येत नाही. त्यासाठी वेगळी कमांड, टीझेडसकट:

टीझेड=एशिया/कोलकाता लास्ट --प्रेझेंट "२०२५-०३-०१ ००:००" --फुलटाइम्स

त्या क्षणी आत असलेले सगळे यात येतात. त्या ओळी मूळ यादीला जोडा.