भाड्याच्या घरातली दुरुस्ती: पैसे कोणाच्या खिशातून? अनुभव लिहा

चिक्कीचा_डबा:
पुतण्याने परवा बाणेरचा फ्लॅट सोडला. मालकांनी रंगकामाचे म्हणून अख्ख्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापलं. तो बिचारा म्हणतोय, "काकू, मी भिंतीला खिळासुद्धा मारला नाही." करार मागवून वाचला, त्यात परवानाधारक म्हणजे राहणारा. "परवानाधारकाने सदर मिळकत नैसर्गिक झीज वगळता आहे त्या स्थितीत परत करावी." चार ओळींनंतर "किरकोळ दुरुस्त्या परवानाधारकाने स्वखर्चाने कराव्यात." संपलं! किरकोळ कितीपर्यंत, झीज कशाला म्हणायचं, कुणाला पत्ता नाही. एजंट लोक नाव-पत्ता बदलून सगळ्यांना तोच मसुदा देतात.

हे वाचताना नारायण पेठेतला वाडा आठवला. तिथे करार कसला, भाडेपावती हाच करार. कौलं गळायची, माजघरात पातेली मांडलेली असायची आणि मालकांना सांगायला गेलं की ते म्हणत, "तुमच्या भाड्यात कौल येत नाही, कौलाचा तुकडा येतो." खोटं नव्हतंच ते, भाडं कायद्याने गोठलेलं होतं. मग बिऱ्हाडं वर्गणी काढायची. पण ज्यांच्या खोलीत गळत नसे ते म्हणणार आम्ही का द्यायचे? तळमजल्यावरचे तर कधीच देत नसत. यावरून माझी आई आणि समोरच्या मावशी यांचं असं वाजलं की संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद. सामायिक नळाचा वॉशर मात्र मालकीणबाई स्वतः आणून द्यायच्या. बसवायचा ज्याने त्याने.

मालक, भाडेकरू दोघांनीही लिहा.

दोन_पोळ्या_जास्त:
अगं किती जवळचा विषय! लिहायचंय खूप. कुकर लावलाय, येते.

नाइलाजाने_घरमालक:
दुसरी बाजू लिहितो. वाकडला फ्लॅट आहे, भाडं येतं त्याहून हप्ता मोठा. तीन मुलं राहिली. गेल्यावर बघितलं तर सिंकच्या पाइपात चहाचा चोथा आणि भात घट्ट बसलेला, ट्रॉल्यांचे चॅनल गंजलेले, बाथरूमचं दार खालून कुजलेलं. दाराबद्दल ते म्हणाले नैसर्गिक झीज. आता रोज बादलीभर पाणी दारावर मारलं तर झिजणारच की! तिथे मीच खर्च केला, मुलं चांगली होती.

तेव्हापासून करारासोबत वेगळं पान जोडतो. पंखे किती, कुठल्या काचेला तडा आहे, सगळं. हजार रुपयांच्या आतलं राहणाऱ्याने करायचं, वरचं मी. तुंबलेला पाइप रक्कम कितीही असो त्यांचा. वायरिंग, भिंतीतला पाइप, गीझर रक्कम कितीही असो माझा. रंगाचे पैसे दोन वर्षं राहिलेल्याकडून मी घेत नाही. दोन वर्षांत रंग जुना होतोच. ताई, तुमच्या पुतण्याने निदान रंगाऱ्याचं बिल तरी मागावं. कित्येकदा रंग न देताच पुढचा भाडेकरू घुसवलेला असतो.

नळराजा:
गीझर तुमचा म्हणालात, तुमचे पाय कुठे आहेत? आमचे मालक म्हणाले गीझर "वापराची वस्तू" आहे. टँकरचं पाणी. कॉइलवर क्षाराचा असा थर की कॉइल दिसेना. मी म्हटलं पाणी मी बनवत नाही. ते म्हणाले आंघोळ तुम्ही करता.

कल्याणी_वाकड:
😂😂 आंघोळ तुम्ही करता!

दोन_पोळ्या_जास्त:
क्षारासाठी व्हिनेगर कुणी वापरलंय का? शॉवरची भोकं बुजलीत.

कल्याणी_वाकड:
हो. शॉवरचं तोंड काढून प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून रात्रभर बांधून ठेव. नाहीतर लिंबूसत्व कोमट पाण्यात. स्वस्त पडतं.

तिसरा_मजला_गिरगाव:
आमचं प्रकरणच वेगळं. पागडीची चाळ, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्यात राहायचं. १९४० च्या आधीची, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या जुन्या इमारतींतला) 'अ' वर्ग. भाडं सांगितलं तर हसाल. मालकाला दुरुस्तीत रस नाही, त्याला इमारत पडलेलीच बरी. मग म्हाडाचं, म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्थेचं, दुरुस्ती मंडळ. उपकर भरतो त्या बदल्यात मंडळाने मुख्य बांधकामाची दुरुस्ती करायची, पण दर चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा असते. वर गेलं तर फरक रहिवाशांनी भरायचा, आणि तो भरायला अख्ख्या चाळीचं एकमत व्हायला हवं. झालंय कधी?

लहानपणी व्हरांड्यात लाकडी टेकू लावले होते. "तात्पुरते" म्हणून. आम्ही त्यांना धरून लगोरी, लपाछपी सगळं खेळलो, माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या, आणि माझा मुलगा आता त्यांना टेकून मोबाइल बघतो. आतल्या फरशा, संडासचं दार, वायरिंग सगळं आम्ही आमच्या पैशाने केलं. त्यातही मालकाचा माणूस येऊन परवानगी घेतली का विचारतो. दुरुस्तीला नाही, परवानगीला हजर!

मंदार_बा:
पुनर्विकास कुठवर आला हो तुमचा?

तिसरा_मजला_गिरगाव:
तो विषय नको. वेगळा धागा लागेल, शिवाय रक्तदाबाची गोळी.

कलमबहाद्दर:
थोडं कायद्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. भाडेकरूने उलट काही कबूल केलेलं नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम. मालक ढिम्म असेल तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरी केलं नाही तर भाडेकरूने करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. पण वर्षाला त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच.

आता गंमत अशी की पुण्या-मुंबईत बहुतेक जण "भाडेकरू" नसतातच, लीव्ह अँड लायसन्सवरचे, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावरचे, परवानाधारक असतात. त्यांना कलम १४ चा आधार घेता येईलच असं नाही, करारात लिहिलंय तेच चालतं. म्हणून ते "किरकोळ" महाग पडतं. करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कलम ५५ खाली सक्तीचं, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे मालकांनी लक्षात ठेवावं.

केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरार कायदा आहे, त्याच्या परिशिष्टात याद्याच दिल्यात. भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणं, वायरिंग हे मालकाकडे. नळ आणि वॉशर, तुंबलेलं गटार, बेसिन, स्विच, कुलपं, डासांची जाळी, खिडकीची काच हे भाडेकरूकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण करार करताना यादी म्हणून उचलायला कुणाची ना नाही. आणि नळराजा, गीझर त्यात भाडेकरूकडेच आहे, माफ करा.

नळराजा:
कायद्यालाही आंघोळीचंच पडलंय.

चिक्कीचा_डबा:
सफेदी मालकाकडे! हे पुतण्याला आत्ता पाठवते. धन्यवाद दादा.

कलमबहाद्दर:
पाठवा, पण "कायदा आहे" म्हणून नको, "साधारण रीत अशी आहे" म्हणून. नाहीतर मालक करार पुढे करतील.

कौलारू:
आमचं राजापूरजवळचं घर. आम्ही सगळे मुंबईत, घर बंद पडलं तर वाळवी खाणार. म्हणून गावातल्याच एका कुटुंबाला राहायला दिलं. भाडं नाही, अट एकच, दर मे महिन्यात घर शाकारायचं, म्हणजे पावसाआधी छप्पर नीट करायचं. आजोबांनी तोंडी ठरवलेलं, कागद नाही. जुने नळे (अर्धगोल देशी कौलं) होते तोवर ठीक चाललं. कौलं परतायची, फुटकी बदलायची, कोन्याला चुना भरायचा, कामाला घरचीच माणसं. बाबांनी हौसेने मंगळुरी कौलं घातली आणि भांडण सुरू. कौलं महाग, वर चढणारी माणसं मिळेनात, त्यात माकडं. एक टोळी छपरावरून गेली की मागे पंचवीस-तीस कौलांचा चुरा. तो दादा फोनवर म्हणाला, "काका, शाकारणी माझी, पण माकडां तुमची." आणि मला आजपर्यंत याला उत्तर सुचलेलं नाही.

शेवटी ठरलं, कौलं आमची, मजुरी त्याची. वासे-रीप बदलायची वेळ आली तर सगळं आमचं. यंदा पत्रा घालावा म्हणतोय. आई ऐकत नाही, पत्र्याखाली झोप लागत नाही म्हणते.

कल्याणी_वाकड:
काकू बरोबर बोलतात. पत्र्यावर पाऊस म्हणजे टीव्हीपण ऐकू येत नाही. आणि उन्हाळ्यात भाजून निघतं.

नागपूरची_ऊन:
आमच्याकडे भांडण एकाच वस्तूचं, कूलर. घरासोबत मालकाने कूलर दिला. एप्रिल आला, पंप बंद. काका म्हणाले, "बाई, कूलर फ्री दिला न तुम्हाले, आता पंप बी मीच देऊ काय?" माझे मिस्टर म्हणाले फ्री काहून, भाड्यात धरलाच असेल. ४५ अंशात हा वाद चालू होता. शेवटी पंप काकांनी दिला, वाळ्याच्या ताट्या आम्ही आणल्या. पुढच्या वर्षी ताट्या वरच्या मजल्यावर काकांच्या कूलरला लागलेल्या दिसल्या.

मंदार_बा:
घर भाड्याने देताना "आहे तसं" म्हणतात. परत घेताना "नव्यासारखं".

बर्फातली_मुक्ता:
म्युनिकहून लिहितेय. इथे सगळं लिहिलेलं असतं, तरी सुख नाही. करारात छोट्या दुरुस्त्यांचं कलम असतं. रोज हात लागतो अशाच वस्तू, म्हणजे नळ, स्विच, खिडकीची मूठ. आमच्या करारात दर दुरुस्तीला शंभर युरोची मर्यादा आहे, आणि वर्षभराचीही वेगळी. गंमत म्हणजे बिल शंभरच्या वर गेलं की आपण शंभर आणि उरलेले मालक असं नाही, सगळंच मालकाचं. त्यामुळे प्लंबरने एकशेचारचं बिल केलं तेव्हा मी पेढे वाटायची बाकी होते.

रंगाचा घोळ इथेही आहेच. आधी लोक घर सोडताना निमूट पांढरा रंग मारून द्यायचे. २०१५ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की घर रंग न देता ताब्यात दिलं असेल आणि त्याची योग्य भरपाई दिली नसेल तर रंगाची जबाबदारी भाडेकरूवर टाकता येत नाही. म्हणून राहायला जातानाचा तपशील लिहून दोघांच्या सह्या घेतात, भिंतीवरच्या डागासकट. हिवाळ्यात हीटिंग बंद पडलं तर भाडं कमी देण्याचा हक्क कायद्यातच आहे. पण कळवावं लागतं, लगेच आणि लेखी. फोनवर "हो हो बघतो" इथेही म्हणतात!!

चिक्कीचा_डबा:
मुक्ता, तिथे खिळे मारू देतात का?

बर्फातली_मुक्ता:
देतात गं, पण जाताना भोकं बुजवून जायचं. माझ्या नवऱ्याने एकदा टूथपेस्टने बुजवली. पुदिन्याचा वास आला मालकीणबाईंना.

सचिव_बिनपगारी:
सोसायटीचा सचिव या नात्याने हात जोडून विनंती. गच्चीतून गळलं, बाहेरच्या भिंतीतून ओल आली, तर सोसायटीकडे या. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून तुमच्या छताला ओल आली तर तो तुम्हा दोन सभासदांचा विषय, सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमांत, तसंच आहे. रात्री अकराला सचिवाची बेल वाजवू नका.

सगळ्यात वाईट म्हणजे वर भाडेकरू, खाली भाडेकरू, आणि दोघांचे मालक परदेशात. खालचा ओरडतो, वरचा म्हणतो फरशी फोडायची परवानगी मला नाही, मालक म्हणतो पुढच्या महिन्यात भारतात आल्यावर बघू. छत पडायला आलं आमच्याकडे. लोक विचारतात मग दुरुस्ती निधी कशाला घेता? बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक, ०.२५. जुन्या इमारतीचा बांधकाम खर्च धरला तर त्यात लिफ्टचं दारसुद्धा येत नाही.

तिसरा_मजला_गिरगाव:
सचिवसाहेब, लिफ्ट आहे हेच ऐकून बरं वाटलं.

नवी_कोरी:
आमचा तर स्वतःचा फ्लॅट, ताबा मिळून दोन वर्षं, आणि हॉलच्या छताला ओल. बिल्डर म्हणतो मेंटेनन्स आता तुमचा.

कलमबहाद्दर:
रेरा म्हणजे बिल्डरांना आवर घालणारा कायदा, त्याचं कलम १४ (३). ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. फोटो काढा, ईमेल करा, तारीख राहू द्या. मात्र तुम्ही स्वतः फरशी बदलली असेल तर तो बोट तिकडे दाखवणार.

नवी_कोरी:
बदलली आहे 😐

शाहूपुरीचा_दुकानदार:
दुकानाचं सांगतो. कोल्हापूर, भाड्याचा गाळा. करारात आतली दुरुस्ती माझी, बांधकाम मालकाचं. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा दुकानात आली. पाणी ओसरल्यावर फरशी उचललेली, गिलावा कमरेपर्यंत सुटलेला, शटर गाळाने जाम. आता फरशी आतली का बांधकाम? मालक म्हणाले आतली, तुम्हीच त्याच्यावर उभं राहता. मी म्हणालो मग भिंतीला टेकतो पण मीच. माझ्या मालाचा विमा होता, त्यांच्या इमारतीचा नव्हता, तिथं खरी गोम. वकिलाकडे न जाता चहाच्या गाड्यावर मिटवलं. काम मी करून घेतलं, त्यांनी काही महिने भाडं सोडलं. नवीन करारात पूर हा शब्द घालून घेतलाय. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा त्या एका ओळीवर सगळं सुरळीत झालं, दोघांचं तोंड गोड राहिलं.

नाइलाजाने_घरमालक:
हे भारी. मीही माझ्या पानात पाऊस-ओल टाकतो आता. भाऊ, शटरला काय केलं? आमच्या गॅरेजचं अडकतंय.

शाहूपुरीचा_दुकानदार:
पट्ट्या उतरवून रॉकेलनं धुतल्या, मग ग्रीस. जुनं ऑइल लावू नका, धूळ धरतंय. स्प्रिंग गेली असेल तर मिस्त्रीच बोलवा, स्वतः उघडायला जाऊ नका, हात जाईल.

दोन_पोळ्या_जास्त:
आले. व्हिनेगरने काम झालं, शॉवर मस्त चालू. माझा अनुभव छोटासाच. आमच्या मालकीणबाई ठाण्याच्या, दर गुढीपाडव्याला स्वतः येतात, सगळे नळ उघडून बघतात, गळत असेल तर तिथल्या तिथे त्यांच्या प्लंबरला फोन. पैसे त्यांचे. जेवून जातात. श्रीखंड मात्र माझं, आणि वाटी संपली की पातेल्याकडे बघतात.

कल्याणी_वाकड:
त्यांचा अजून एखादा फ्लॅट रिकामा आहे का गं?