ओहोटीची वेळ आधी बघा
विमानातून प्रवाळ खरंच दिसतात की नुसतं निळं पाणी, असं एकाने विचारलंय. दिसतात, पण वेळ साधली तर. ओहोटीला आणि सूर्य बराच वर असताना जा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पाणी आरशासारखं चकाकतं, खालचं काही कळत नाही. उथळ वाळूवर फिरोजी, प्रवाळावर तपकिरी-हिरवट आणि कडा संपली की एकदम गडद निळा, हा रंगबदल बघतच राहावा. पोलरायझर (कॅमेऱ्यावर लावायचा चकाकी कमी करणारा फिल्टर) मात्र काढून ठेवा. प्लॅस्टिकच्या खिडकीतून फोटोवर इंद्रधनुषी डाग येतात (माझे निम्मे फोटो असेच गेले!). ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळरांगेतलं बदामाच्या आकाराचं हार्ट रीफ जेमतेम १७ मीटरचं आहे. तिथे पाण्यात उतरायला परवानगी नाही, त्यामुळे बहुतेक जण वरूनच बघतात. पायलट वळला की लगेच पाहून घ्या.